डेट्रॉइटचे अभियंते मूर्ख नव्हते : गेममधल्या ‘अस्सल’ अमेरिकन मोटारी आणि खरा इतिहास

१/
‘ऑटोमेशन’ या गेममध्ये खेळाडू सिलिंडरच्या व्यासापासून दिव्यांच्या जागेपर्यंत सारे काही स्वतः ठरवतो आणि १९४६ ते २०२० या काळातली मोटार घडवतो. त्यात बनवलेल्या आणि ‘ऐतिहासिकदृष्ट्या अस्सल’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या अमेरिकन गाड्यांचा साचा ठरलेला असतो. १९५९ ची गाडी म्हणजे मागे उंचच उंच पंख, १९६९ ची म्हणजे सात लिटरचे व्ही-८ इंजिन आणि १९७५ ची म्हणजे चेष्टेचा विषय. हा धागा त्या साच्याच्या विरोधात आहे.

२/
या साच्यात दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत. पहिला दोष स्मरणरंजनाचा : अपवादात्मक गाड्यांनाच त्या काळाचे प्रतिनिधी मानायचे. दुसरा दोष पश्चातबुद्धीचा : पुढे काय घडले हे ठाऊक असताना मागच्यांच्या निर्णयांना हसायचे. इतिहासाच्या वर्गात पहिल्याच वर्षी या दोन्ही दोषांविषयी बजावले जाते. गेम सुरू झाला की मात्र भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो.

३/
प्रथम अपवादांविषयी. १९७० सालची हेमी इंजिनाची प्लिमथ कुडा आज लिलावांत आणि भित्तिचित्रांत सर्वत्र दिसते. त्या वर्षी अशा बंद छपराच्या गाड्या ६५२ आणि उघड्या छपराच्या अवघ्या १४ निघाल्या. याउलट १९६५ या एकाच मॉडेलवर्षात शेव्हरोलेच्या इम्पाला गाड्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. साठच्या दशकातला अमेरिकन रस्ता पाहायचा असेल, तर त्यावर इम्पाला दिसल्या पाहिजेत. कुडा दिसली असती, तर माणसे थबकून वळून पाहत राहिली असती.

४/
मस्टँगचे उदाहरण याहून बोलके आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी ती बाजारात आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक विकली गेली. पण तिचे मूळ इंजिन कोणते होते? सरळ रांगेतले सहा सिलिंडरांचे, १७० घन इंचांचे, १०१ अश्वशक्तीचे. गाडीचा सांगाडा आणि यंत्रभाग यांतला मोठा वाटा फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनकडून आलेला होता. लांब बॉनेट आणि तोकडी पाठ या नव्या पोशाखाखाली घरगुती गाडी दडलेली होती. या युक्तीतच त्या काळाचा खरा इतिहास आहे आणि गेममधल्या मस्टँगांत नेमकी तीच हरवते.

५/
ती फाल्कन १९६० ची. २.४ लिटरचे इंजिन, ९० अश्वशक्ती, पहिल्याच वर्षी चार लाखांहून अधिक विक्री. १९५९ मध्ये अमेरिकेच्या बाजारातला सुमारे दहा टक्के वाटा परदेशी गाड्यांनी घेतला होता. त्याला उत्तर म्हणून फोर्डने फाल्कन, शेव्हरोलेने कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरने व्हॅलियंट आणली. १९६१ मध्ये विक्रीत तिसऱ्या क्रमांकावर कोण होते? अमेरिकन मोटर्सची रॅम्बलर. आटोपशीर, काटकसरी, जराही रुबाब नसलेली गाडी. गेममध्ये रॅम्बलरसारखी गाडी घडवणारा खेळाडू शोधून सापडणे कठीण.

६/
मुंबईने पाहिलेली अमेरिकन मोटारही बहुतांशी याच घराण्यातली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि ती १९५४ पर्यंत चालली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवायला घेतल्या. त्या होत्या साध्या, टणक आणि दुरुस्तीला सोप्या. ‘अमेरिकन’ या शब्दाचा अर्थ त्या पिढीच्या मेकॅनिकला विचारला असता, तर त्याने पंखांचे नाव काढले नसते.

७/
आता आकड्यांकडे. १९७२ पूर्वीच्या अमेरिकन जाहिरातींतली अश्वशक्ती ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजलेली असे. इंजिन गाडीतून वेगळे काढून चाचणीच्या चौथऱ्यावर ठेवायचे. एअर क्लीनर नाही, गाडीतली एक्झॉस्ट यंत्रणा नाही, इंजिनावर ओझे टाकणारी इतर उपकरणे नाहीत. १९७२ पासून ‘नेट’ पद्धत रूढ झाली आणि गाडीत बसते तशा अवस्थेतल्या इंजिनाची ताकद सांगितली जाऊ लागली.

८/
कॅडिलॅक एल्डोराडोचे ८.२ लिटरचे इंजिन घ्यावे. १९७० मध्ये त्याची ताकद ४०० अश्वशक्ती. १९७१ मध्ये कॉम्प्रेशन कमी केल्यावर ३६५. १९७२ च्या माहितीपत्रकात मात्र थेट २३५. ही शेवटची घसरण मुख्यतः मोजपट्टी बदलल्याची आहे. इंजिन जवळपास तेच राहिले. जो खेळाडू ४०० आणि २३५ हे आकडे शेजारी ठेवून ‘दोन वर्षांत अमेरिकन इंजिन मेले’ असे लिहितो, तो किलोमीटरमधून मैल वजा करत असतो.

९/
गेम मफलर आणि एक्झॉस्टसह ताकद मोजतो, म्हणजे त्याचा हिशेब ‘नेट’च्या जवळचा आहे. तरीही १९६८ च्या गाडीसाठी माहितीपत्रकातला ४२५ हा आकडा गाठण्याचा हट्ट धरला जातो. मग कॅमशाफ्ट अधिक उग्र, एक्झॉस्टच्या नळ्या अधिक रुंद आणि दर्जाची पट्टी अधिक वर सरकवली जाते. शेवटी जी गाडी तयार होते ती १९६८ मध्ये कोणाकडेच नव्हती. आकडा जुळतो, पण इतिहास चुकतो. साधनाची चिकित्सा न करता साधन वापरल्याची ही शुद्ध चूक आहे. बखरीतली सैन्यसंख्या जशीच्या तशी उचलणाऱ्याला जे सुनावले जाते, तेच येथेही सुनावायला हवे.

१०/
यानंतर कायदा. १९४० पासून अमेरिकेत सात इंच व्यासाचे, सीलबंद, गोल दिवे सर्वत्र ठरून गेले. प्रत्येक गाडीला दोन. १९५८ पर्यंत लहान आकाराच्या चार दिव्यांना सगळीकडे मुभा मिळाली. चौकोनी दिवे १९७५ च्या मॉडेलवर्षापासून आले. गाडीच्या आकाराला अनुरूप काचेचा दिवा अमेरिकन गाडीवर प्रथम दिसला तो १९८४ च्या लिंकन मार्क ७ वर, तोही फोर्डने नियम बदलून घेतल्यानंतर.

११/
याचा अर्थ असा की, चार दशकांहून अधिक काळ अमेरिकेतला प्रत्येक मोटार-आरेखक ठरावीक साच्याच्या काचांभोवती गाडीचा चेहरा रचत होता. १९६३ च्या कॉर्व्हेटचे दिवे बॉनेटमध्ये लपतात, १९६६ च्या टोरोनॅडोचेही लपतात. दिव्याचा आकार बदलता येत नसेल, तर दिवा झाकून टाकण्याची वाट तेवढी मोकळी होती. गेममध्ये शेकडो दिवे हाताशी असतात. १९६६ च्या गाडीला तिरकस काचेचा दिवा लावला की ती सुंदर दिसते. फक्त ती अमेरिकेत विकता आली नसती.

१२/
टायर आणि ब्रेक यांकडे तर कोणी पाहतच नाही. साठच्या दशकातली सर्वसामान्य अमेरिकन गाडी क्रॉसप्लाय टायरांवर धावत होती आणि चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर थांबत होती. रेडियल टायर मूळ साधन म्हणून देणारी पहिली अमेरिकन गाडी म्हणजे १९७० ची लिंकन काँटिनेंटल मार्क ३. कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले ते १९६५ मध्ये. १९६४ च्या साध्या सेडानला रेडियल टायर आणि डिस्क ब्रेक देऊन ‘चालवायला छान आहे’ असे म्हणणे म्हणजे पानिपतावर दुर्बीण लावलेल्या रायफली वाटून लढाईचा निकाल तपासणे.

१३/
यावर नेहमीचा आक्षेप असा : ‘पण ते तंत्र तेव्हा उपलब्ध होते!’ उपलब्ध होतेच. शेव्हरोलेने १९५७ मध्ये २८३ घन इंचांच्या इंजिनाला इंधन-इंजेक्शन देऊन २८३ अश्वशक्तीची जाहिरात केली. क्रायस्लरने १९५८ मध्ये बेंडिक्सचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोजक्या गाड्यांना बसवले. त्यांतल्या बहुतेकांवर पुढे पुन्हा कार्ब्युरेटर चढवावा लागला. ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये जेटफायरला टर्बोचार्जर दिला. त्यासाठी एक खास द्रव टाकीत भरत राहावे लागे आणि ग्राहक ते विसरत. दोन मॉडेलवर्षांत तो प्रयोग आटोपला.

१४/
एखादी गोष्ट शोधली जाणे, ती कारखान्यात रोज हजारोंच्या संख्येने बनवता येणे आणि दूरच्या खेड्यातल्या गॅरेजमध्ये ती दुरुस्त होणे या तीन वेगवेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये कधी दहा, कधी तीस वर्षांचे अंतर असते. गेममधली ‘अमुक साली खुले’ ही सोय पहिली घटना दाखवते. शहाण्या खेळाडूने तिसरीची वाट पाहावी.

१५/
हिशेबनीसाचे राज्यही येथेच सुरू होते. आल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्सने शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत पायऱ्यांची उतरंड रचली आणि दरवर्षी रूप बदलण्याची प्रथा पक्की केली. पण आतली यंत्रे दरवर्षी बदलणे परवडणारे नव्हते. म्हणून १९५५ चे शेव्हरोलेचे व्ही-८ अनेक दशके टिकले आणि पत्रे, जाळ्या, दिव्यांच्या चौकटी तेवढ्या बदलत राहिल्या. १९५९ मध्ये जनरल मोटर्सच्या पाचही नाममुद्रांच्या मोठ्या गाड्या एकाच मूळ कवचाच्या नात्यातल्या होत्या. पंखांची उंची ही बरीचशी हे नाते लपवण्याची युक्ती होती.

१६/
गंमत अशी की, हे सारे दाखवण्याची सोय गेममध्ये आहे. इंजिनाचे ‘कुटुंब’ आणि त्याचा ‘प्रकार’ यांची वर्षे वेगळी ठेवता येतात. गाडीचे मूळ मॉडेल आणि तिची ‘ट्रिम’ यांचीही. १९५५ चे इंजिन-कुटुंब, १९६५ चा सांगाडा आणि १९६८ ची ट्रिम अशी गाडी घडवली, तर ती खऱ्या कंपनीच्या कपाटातून निघाल्यासारखी वाटते. बहुतेक ‘अस्सल’ गाड्यांत मात्र सगळ्या वर्षांचे आकडे एकच असतात. जणू कंपनीला भूतकाळच नव्हता.

१७/
आणि भविष्य तर खऱ्या कंपनीला खरोखरच दिसत नव्हते. फोर्डने एड्सेलची आखणी पन्नाशीच्या मध्यावर, भरभराटीच्या दिवसांत केली. मध्यम किमतीच्या गाड्यांना मागणी होती. गाडी लोकांसमोर आली ४ सप्टेंबर १९५७ रोजी, आणि तोवर मंदी सुरू झाली होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये एड्सेल बंद पडली. तिच्या जाळीची थट्टा करणे सोपे आहे. पण कागदावरच्या रेघेपासून विक्रीच्या दालनापर्यंत दोन-तीन वर्षे लागतात, हा धडा त्या थट्टेत बुडून जातो.

१८/
आता सत्तरचे दशक, म्हणजे पश्चातबुद्धीचा आवडता आखाडा. १९७५ च्या कॉर्व्हेटचे मूळ इंजिन ५.७ लिटरचे आणि ताकद १६५ अश्वशक्ती. खेळाडू त्याच वर्षी, तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून बरीच अधिक ताकद काढून दाखवतो आणि डेट्रॉइटला नाकर्ते ठरवतो. त्या अभियंत्यांपुढचे प्रश्न क्रमाने मांडून पाहावेत.

१९/
१९७० चा स्वच्छ हवा कायदा : कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत नव्वद टक्क्यांनी घटवा. (मुदत पुढे वाढली, दडपण वाढतच राहिले.) १९७१ : शिसेविरहित इंधन येणार म्हणून कॉम्प्रेशन उतरवा. १९७३ : पुढचा बंपर ताशी पाच मैलांचा धक्का सोसणारा हवा, पुढच्या वर्षी मागचाही. त्याच ऑक्टोबरमध्ये तेलबंदी. १९७४ : देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा. १९७५ : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १९७८ : ताफ्याची सरासरी गॅलनला १८ मैल, आणि १९८५ पर्यंत २७.५ चे लक्ष्य.

२०/
हे सर्व करायचे होते ते कार्ब्युरेटरने, तारा आणि निर्वात नळ्यांच्या जंजाळाने, संगणकाशिवाय. एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजून मिश्रण सुधारणारा संवेदक व्होल्व्होने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात आणला. जनरल मोटर्सच्या ताफ्यात संगणकाचे नियंत्रण सर्रास आले ते १९८१ मध्ये. १९७५ चा अभियंता अंधारात चाचपडत होता, कारण दिवा अजून तयार व्हायचा होता. खेळाडूच्या खिशात तो आधीपासून असतो.

२१/
मग हे सगळे डेट्रॉइटच्या बचावासाठी चालले आहे काय? मुळीच नाही. बंधने नीट मांडली की खरी जबाबदारी कुठे होती हे अधिक स्पष्ट दिसते. जिथे पर्याय खरोखर नव्हता तिथे दोष देणे अन्याय आहे. जिथे पर्याय होता आणि तो पैशासाठी नाकारला गेला, तिथे इतिहासाने थांबून बोट ठेवलेच पाहिजे.

२२/
१९६० च्या कॉर्व्हेअरचे मागचे निलंबन स्विंग ॲक्सलचे होते. पुढे एक साधी अँटी-रोल दांडी दिली असती, तर वळणावरचा तिचा स्वभाव सुधारला असता. खर्च वाचवण्यासाठी मूळ गाडीत ती दिली नाही. ती आली १९६४ मध्ये. १९६५ मध्ये मागचे निलंबनच पालटले आणि त्याच वर्षी राल्फ नेडर यांचे पुस्तक आले. १९७२ च्या सरकारी अहवालाने ही गाडी समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले. वाद करायला जागा आहे. पण वाद करायचा तर तो त्या दांडीच्या किमतीविषयी करावा.

२३/
दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. गेममध्ये इंधनाच्या यादीतून शिसेयुक्त पेट्रोल निवडले की ऑक्टेन वाढते, कॉम्प्रेशन वाढवता येते, ताकद वाढते. एका टिचकीचे काम. थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये जनरल मोटर्ससाठी शिशाचा हा गुण शोधला, तेव्हा अल्कोहोलनेही इंजिनाचा ठोका थांबतो हे त्यांच्या गटाला ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य बनवताना पाच कामगार विषबाधेने दगावले. तरी काही काळाच्या खंडानंतर उत्पादन पुन्हा सुरू झाले.

२४/
क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये वातावरणातल्या शिशाचा मोठा भाग माणसाने सोडलेला आहे असे दाखवून दिले. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अमेरिकेत पूर्ण बंदी आली १९९६ मध्ये. पन्नास-साठच्या दशकातल्या त्या गौरवशाली अश्वशक्तीचा एक भाग मुलांच्या रक्तातल्या शिशातून आलेला आहे. खेळाडूने तो पर्याय जरूर निवडावा, कारण त्या काळाने तोच निवडला होता. पण त्याला फुकटचा लाभ समजू नये.

२५/
आणि कामगार? १९७२ मध्ये ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला. तिथे शेव्हरोले व्हेगा तासाला सुमारे शंभर या गतीने बाहेर पडत असे. एका गाडीवर एका माणसाला मिळणारा वेळ सुमारे ३६ सेकंद. गेमच्या पडद्यावर ‘उत्पादन-वेळ’ हा एक आकडा असतो. लॉर्ड्सटाउनमध्ये त्या आकड्याला खांदे, पाठ आणि संताप होता.

२६/
शेवटचा आक्षेप ठरलेला : ‘अहो, गेमच आहे तो.’ मान्य. ज्याला पंखांवर ज्वाळा रंगवायच्या आहेत त्याने खुशाल रंगवाव्यात. आक्षेप आहे तो ‘ऐतिहासिक’ या शब्दावर. हा शब्द वापरला की पुराव्याचे ओझे खांद्यावर येते. अनेक तरुणांसाठी विसाव्या शतकातल्या उद्योगाशी झालेली ही पहिलीच भेट असते. पहिल्याच भेटीत ‘मागचे लोक एकतर देव होते किंवा मूर्ख’ अशी समजूत झाली, तर ती गाड्यांपुरती थांबत नाही. किल्ले, लढाया, राजवटी यांकडेही त्याच नजरेने पाहिले जाते.

२७/
म्हणून ‘अस्सल’ म्हणवणाऱ्या गाडीला काही प्रश्न विचारावेत. तिचे इंजिन कोणत्या जुन्या इंजिनाचे नातलग आहे? तिचे दिवे त्या वर्षी कायदेशीर होते काय? सांगितलेली ताकद ‘ग्रॉस’ की ‘नेट’? टायर कोणते? तिची सर्वांत स्वस्त आवृत्ती कशी दिसते? ती आखली गेली तेव्हा, म्हणजे विक्रीच्या तीन वर्षे आधी, लोकांना काय हवे होते? आणि पैसे वाचवायला तिच्यातून काय काढून टाकले?

२८/
या प्रश्नांची उत्तरे देणारी गाडी बहुधा देखणी नसेल. ती चार दारांची, सहा सिलिंडरांची, ड्रम ब्रेकची, फिकट हिरव्या रंगाची असेल. कोणी तिचे चित्र भिंतीवर लावणार नाही. पण अमेरिकेतले एखादे कुटुंब हप्त्यांनी तीच घेत होते, तीच चालवत होते आणि चार वर्षांनी विकत होते. ज्याला गेममधून इतिहास शिकायचा आहे, त्याने पुढची गाडी ही घडवावी.

(धागा समाप्त)